डीपीवरच्या सात मोटारी आणि एक लॅपटॉप

जगदेवला यंत्रातलं सगळं कळतं, असं जगदेवचं मत आहे. मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचा दीड एकर भाजीपाला आहे: मेथी, पालक, कोथिंबीर, बांधाच्या कडेनं वांगी. या दीड एकरात विहिरीवरची मोटार, तिचा स्टार्टर, दोन फवारणी पंप आणि एक मोटरसायकल एवढा त्याचा कारखाना. यातलं एकही यंत्र त्यानं कधी मिस्त्रीकडे नेलेलं नाही. मोटरसायकलचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, तेवढं सोडा. त्यावर त्याचं उत्तर तयार असतं. "थांबतानीच तं हॉर्न पाह्यजे! चालताना लोकाइले दिसतेच न मी."

अशा माणसाच्या हातात लॅपटॉप पडला तो हौसेनं नाही. गळ्याशी आलं म्हणून पडला.

त्याची एकुलती एक मुलगी संस्कृती अकरा वर्षांची आहे, सहावीत. जन्मापासून तिची नजर अधू. चष्मा इतका जाड की त्यातून तिचे डोळे आपल्याला मोठे दिसतात, पण तिला मात्र जग होतं तेवढंच पुसट. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्यानं आता याहून जास्त होणार नाही. अक्षर मोठं करा, मग वाचेल. किती मोठं, म्हणून जगदेवनं विचारलं. डॉक्टरांनी कागदावर 'क' काढून दाखवला. तो लिंबाएवढा होता. लिंबाएवढ्या अक्षरात सहावीचं पुस्तक छापलं तर ते शाळेत न्यायला बैलगाडी लागली असती.

आईनं, म्हणजे पंचफुलानं, पाटीवर मोठ्ठी काढून मराठी-इंग्रजी अक्षरं तिच्याकडून गिरवून घेतली, पण पाचवीपर्यंत धडे मात्र वाचून दाखवले आणि पोरीनं ते पाठ केले. पाठ कसे? आई वाचता वाचता पेंगली तर पोरगी पुढची दोन वाक्यं स्वतः म्हणायची आणि वर सांगायची, "आता पान उलट, आई." पण सहावीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आलं. पंचफुला नववी शिकलेली. तिनं विज्ञानाचं पहिलं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं, पुस्तक मिटलं आणि भाकरी टाकायला गेली.

जुलैअखेर मुख्याध्यापकांनी जगदेवला बोलावून एक फॉर्म हातात दिला. दूरच्या शहरात अंध मुलांची निवासी शाळा होती, तिथला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तिथं सोय आहे. आमच्याकडे काय आहे? फळा आहे, आणि तो तिला दिसत नाही."

"सायेब, माही पोरगी आंधळी नाई," जगदेव म्हणाला. "कोथिंबिरीची जुडी आतून सडेल हाये का नाई, ते तिले मायापेक्षा आधी समजते."

"वासानं समजतं. वासानं गणित कसं सुटेल?"

वर्गशिक्षिका मंजुषा मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, सोमवारी घटक चाचणी आहे. यांनी लॅपटॉप आणावा, मी पेपर पेन ड्राइव्हमध्ये देते, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. तिनं स्वतः वाचून स्वतः लिहिलं, तर हा फॉर्म भरायचा नाही.

"आणि नाही लिहिलं तर?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "फॉर्मची मुदत मंगळवारपर्यंत आहे."

जगदेवनं फॉर्म मुकाट्यानं टेबलावर परत ठेवला, आणि न बोलता काही करायचा प्रसंग त्याच्या आयुष्यात फार क्वचित येतो.

लॅपटॉप मिळाला अमरदीपकडे. अमरदीपचं मालेगावात मोबाइल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच्या भंगाराच्या खोक्यात हा लॅपटॉप तीन वर्षं पडून होता. बॅटरी मेलेली, म्हणजे वायर निघाली की त्याचा प्राण निघालाच. एक बिजागर तुटलेलं, तिथं सुतळी. आतलं विंडोज उघडायला इतका वेळ घेई की ते लावून दुकानातली माणसं चहाला जात आणि परत आल्यावर कोणता फॉर्म भरायचा होता ते विसरत.

"हे इंडोज पुसून याच्यात लिनक्स टाका, भाऊ," अमरदीप म्हणाला. "हलकं हाये, फुकट हाये."

"फुकट म्हंजे खराब असंल."

"अजी, इंडोज म्हंजे हायब्रीड बी समजा. हर साली कंपनीच्या दारात जा. लिनक्स म्हंजे गावरान बियाणं. एकानं राखलं, दुसऱ्याले देल्लं, तिसऱ्यानं पेरलं. अन् कशाबी जमिनीत निंगते."

हे जगदेवला एकदम पटलं. "मंग टाकून दे तूच."

अमरदीपनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. पीक विम्याच्या फॉर्मची मुदत शनिवारी संपत होती आणि दुकानाबाहेर सत्तर माणसं आधार कार्ड हातात घेऊन उभी होती. रविवारी त्याला सासऱ्याच्या तेरवीला मानोऱ्याला जायचं होतं. त्यानं एक पेन ड्राइव्ह दिला आणि भेंडीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर पायऱ्या लिहून दिल्या. हे बटण दाबा, भाषा निवडा, जुनं सगळं पुसा, पुढे जा, थांबा. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. "लाइट जाऊ द्याची नाई अन् हात लावाचा नाई. बस."

शुक्रवारी गावाची डीपी जळाली. डीपी म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, ज्याच्याकडे बघून आमच्याकडचा माणूस दिवसाची सुरुवात करतो. गावात अंधार. मालेगावात कोणाच्याही ओट्यावर बसून हे काम झालं असतं. पण जगदेव म्हणाला, "वावरात माही लाइट, माही मोटार, माही पेटी. मी दुसऱ्याच्या बोर्डात कायले पिन खुपसू?" शेतीची लाइन वेगळी होती. त्या आठवड्यात ती दिवसा यायची, सकाळी आठ ते दुपारी चार. रविवारपासून रात्रीची पाळी. म्हणजे हातात फक्त शनिवार होता.

शनिवारी सकाळी त्यानं विहिरीवरच्या खोलीत भाजीचे दोन कॅरेट उलटे घातले आणि त्यावर लॅपटॉप मांडला. शेतातल्या लाइनचा एक धागा स्टार्टरच्या पेटीतून घ्यावा लागतो आणि दुसरा जमिनीत सळई ठोकून. सळईभोवतीची माती सुकली की करंट ढिला पडतो, म्हणून तिला पाणी घालत राहायचं. हे काम पंचफुलाकडे आलं. नवरा लॅपटॉपपाशी आणि बायको तांब्या घेऊन सळईपाशी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काहीतरी पूजा चालली आहे.

सव्वानऊला सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला पडदा काळा झाला. शेजारच्या हरिसिंगनं मोटार टाकली होती. शिवाराच्या या वेगळ्या डीपीवर सात मोटारी. एक मोटार उठली की बाकीच्यांचा श्वास कोंडतो. वर सतरा दिवसांची उघाड, पिकं माना टाकून उभी, आणि एकेक तास सोन्याचा. म्हणून त्या शिवारात पाळी ठरलेली आहे. एका वेळी चारच मोटारी, आणि कोणाची कधी ते चंपतकाका सांगणार. चंपतकाका देहानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे.

"सातही मोटारी बंद?" काकांनी विचारलं. "काहून? डीपीचं लगन लागून राह्यलं का?"

"काका, लिनक्स टाकाचं हाये."

"कोणत्या किडीवर मारतेत ते?"

"लॅपटॉपात टाकतेत, काका. संस्कृतीसाठी. सोमवारी तिचा पेपर हाये. नाई झालं तं पोरगी होस्टेलले जाते."

काकांनी जरा वेळ विहिरीत पाहिलं. "किती टाइम?"

"दीड घंटा."

तांड्यावरचा हरिसिंग मात्र अडून बसला. "जगदेवभाऊ, माही मिरची मरून राह्यली अन् तुमी कम्प्युटर खेळता?"

"माह्या मेथीची पाळी तू घे."

"एक?"

"दोन घे."

अशा रीतीनं जगदेवनं आपल्या पाळ्या वाटून टाकल्या. आता पुढच्या गुरुवारपर्यंत त्याच्या मेथीला थेंब मिळणार नव्हता. मेथी हे बाईमाणसापेक्षा लवकर रुसणारं पीक आहे, हे त्याचंच वाक्य. पंचफुला ऐकत असताना तो ते म्हणत नाही.

दहा वाजता पुन्हा सुरुवात झाली. सगळं शिवार मुकं. चंपतकाका आणि हरिसिंग, आपल्या बंद मोटारींचं काय चीज होतं ते पाहायला, दारात येऊन बसले. पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकू लागली. वीस टक्के. चाळीस. जगदेव प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होता, जणू बाजारात बोली लावतोय. सत्तर झाले तेव्हा त्यानं हरिसिंगकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

सत्त्याऐंशीवर पट्टी थांबली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पट्टी हलेना. आणि लॅपटॉपच्या पोटातला पंखा घुमायला लागला. घूंऽऽऽ, थांबेचना. हात लावला तर बूड तापलेलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर जगदेवला उगाच मूर्ख म्हणाल. विहिरीवर मोटार असलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट लहानपणापासून भिनलेली असते. मोटार घुमते आहे पण फिरत नाही, म्हणजे एक फेज गेला. अशा वेळी विचार करायचा नसतो. हात आधी जातो, डोकं मागून येतं. दोन मिनिटं उशीर केला की मोटार जळते, मग ती विहिरीतून काढा, वायंडिंगला न्या, तोवर पीक गेलं. या चपळाईनं जगदेवनं आजवर तीन वेळा स्वतःची मोटार वाचवली होती आणि एकदा चंपतकाकांची.

त्याच चपळाईनं त्यानं पिन ओढली.

घुमणं थांबलं. "वाचलं," जगदेव म्हणाला. चंपतकाकांनीही मान हलवली. हरिसिंग म्हणाला, "बरं केलं, जळलं असतं." तिघं अनुभवी माणसं; तिघांचं एकमत.

पाच मिनिटं गार होऊ देऊन पिन लावली. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ उघडझाप करत होती. जुनं विंडोज पुसलं गेलं होतं, नवं आलं नव्हतं. जगदेवनं अमरदीपला फोन लावला.

"किती टक्के झालते?" अमरदीपच्या मागे सत्तर माणसांचा कालवा.

"सत्त्याऐंशी."

"भाऊ, ते थांबतेच तठी. सगळ्याइचंच थांबते. जुन्या मशीनवर अर्धा घंटा थांबते."

"मंग सांगाचं नाई का!"

"मी लिहून देल्लं न, थांबा म्हणून."

"मी थांबेलच होतो! तेच चालत नव्हतं!"

"आता पहिल्यापासून करा. मी ठेवतो, सर्वर चालू झालं."

पंचफुला तांब्या घेऊन दारात उभी होती. "काहून काढलं तुमी?"

"घुमत होतं."

"ते मोटार हाये का?"

तिनं तांब्यातलं पाणी मेथीच्या वाफ्यात ओतलं. भांडली असती तर बरं झालं असतं. जगदेव कॅरेटच्या शेजारी खाली बसला. चंपतकाका आणि हरिसिंग हळूच उठून गेले आणि थोड्या वेळानं शिवारात एकेक मोटार सुरू झाली. त्यांचा करार पुरा झाला होता. जगदेव मोजत राहिला. चार मोटारी झाल्या. एरवी हा आवाज त्याला गोड वाटतो, त्या दिवशी त्याला तो सहन होईना. त्याच्याजवळ आता एकही पाळी नव्हती, मेथीच्या वाट्याचं पाणी देऊन झालं होतं, दुसऱ्यांदा मागायला तोंड नव्हतं. त्यानं भेंडीचं पाकीट उचललं, पायऱ्या पुन्हा वाचल्या, पुन्हा खाली ठेवलं. एकदा तर त्यानं ती उघडझाप करणारी पांढरी रेघ बोटानं पुसून पाहिली.

बाराच्या सुमारास सकाळची शाळा सुटून संस्कृती वावरात आली. दप्तर ठेवलं, लॅपटॉपवर हात फिरवला. "झालं, बाबा?"

"नाई झालं, बेटा. मी मधातच बंद केलं."

"मंग डबल करा न."

"मोटारी बंद करा लागतेत."

"मंग सांगा न त्याइले."

तो उठेना, तेव्हा तीच निघाली. पायाखालचा धुरा, म्हणजे बांध, तिला पाठ आहे, अडखळत नाही. नाइलाजानं जगदेव मागून गेला. चंपतकाका बाभळीखाली भाकर खात होते.

"काका, मोटारी आणखीन एक डाव बंद करता का?"

काकांनी जगदेवकडे पाहिलं. "आता कोणती पाळी देतं रे?"

"काई नाई, काका, माह्याजवळ," जगदेव म्हणाला.

काकांनी घास तसाच धरून पोरीला विचारलं, "काहून वं, मी दिसतो का तुले?"

"दिसता न. तुमी लय मोठे हा."

काकांची भाकर घशात अडकली. हसावं की रागवावं ते त्यांनाच ठरवता आलं नाही, पण पाणी पिऊन ते उठले आणि धुऱ्यावर उभं राहून त्यांनी अशी हाक घातली की रस्त्यावरच्या एसटीनं वेग कमी केला. "बंद करा बे मोटारीऽऽ! जगदेव डबल नापास झाला!"

तरी वेळ गेलाच. हरिसिंगच्या मिरचीत पाणी अर्ध्या वाफ्यात होतं, तो वाफा भरेपर्यंत कोणी त्याला हटकू शकत नव्हतं. पट्टी पुन्हा शून्यावरून निघाली तेव्हा पावणेदोन झाले होते. चार वाजता लाइट जाणार. कोणी आकडे मोठ्यानं वाचेना. पंचफुला न सांगता सळईला पाणी घालत होती.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पट्टी सत्त्याऐंशीवर थांबली आणि पंखा घुमायला लागला.

जगदेवचा हात उठला. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. शेजारी येऊन बसलेल्या चंपतकाकांनी तो मनगटाशी धरला आणि सरळ आपल्या मांडीखाली घेतला. त्या मांडीखालून बैलही निघाला नसता. "बस आता," काका म्हणाले.

दहा मिनिटं. पंधरा. "काका, जळते हो!"

संस्कृतीनं चष्मा काढला आणि लॅपटॉपच्या कडेला कान लावला. तिला पट्टी दिसतच नव्हती, त्यामुळे ती थांबल्याचं भयही नव्हतं. "आत चालू हाये, बाबा. उंदीर पोतं कुरतडते तसा आवाज येऊन राह्यला."

"पक्कं?"

"थांबून थांबून येते. पण येते."

पुढची पंधरा मिनिटं जगदेवला पोरगीच सांगत राहिली. आला. आला. आता नाही. आला. 'आता नाही'च्या वेळी जगदेवचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं, पण कोणी पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष तिच्या कानाकडे होतं.

साडेतीनच्या सुमारास पट्टी हलली. पावणेचारला हिरवा पडदा उघडला. जगदेवनं मोकळा झालेला, मुंग्या आलेला हात झटकत अक्षर मोठं करायची जागा शोधली आणि अक्षर वाढवत नेलं, इतकं की पडद्यावर जेमतेम एकच शब्द मावेल. संस्कृती नाक टेकवून वाचायला लागली. "क... च... रा... कचरापेटी!"

पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्याचं नाव; स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला तिचा पहिला छापील शब्द हा. तिनं तो चार वेळा वाचला. पंचफुलानं पाठ फिरवून सळईवर अख्खा तांब्या ओतला. मग चार वाजले आणि लाइट गेली.

सोमवारी पहाटे गावाची डीपी बदलून झाली होती, पण शाळेत चालू सॉकेट एकच निघालं, मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर तिला बसवलं. जगदेवला बाहेरच्या बाकावर. आतून फक्त ओळी सरकवायच्या कळांचा आणि कागदावर स्केचपेन घासल्याचा आवाज. प्रश्न वीस होते, वेळ एक तास. तास संपला तेव्हा तिचे नऊ झाले होते.

"अक्षर मोठं असलं का वळ संपतच नाई," ती मॅडमना म्हणाली. "एका वळीसाठी लय डाव सरकवा लागते. मागचं विसरते."

मुख्याध्यापक घड्याळ पाहत होते. मॅडम म्हणाल्या, "सर, अशा मुलांना जादा वेळ द्यायचा असतो. तसा नियमच आहे."

"मला माहीत आहे नियम," ते म्हणाले, आणि न माहीत असलेल्या माणसासारखे खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वीस मिनिटं."

वीस मिनिटांत आणखी चार झाले. तेरा. त्यातले अकरा बरोबर. मुख्याध्यापकांनी तो पेपर दोनदा पाहिला, फॉर्म टेबलावर घेतला, सरळ केला आणि फाडला नाही. खणात ठेवला.

"सहामाहीपर्यंत पाहू. दिवाळीनंतर तिथं पुन्हा प्रवेश सुरू होतात," ते जगदेवला म्हणाले. "सहामाहीला सगळे विषय असतात. तेव्हाही असंच झालं तर मात्र मला अडवू नका."

"नाई अडवत, सायेब." जगदेव दारापर्यंत गेला आणि परत वळला. "सहामाहीले लाइट राह्यते न शाळेत?"

"राहते," मुख्याध्यापक म्हणाले. मग जरा थांबून, "बहुतेक."

घरी पंचफुला दारातच होती. तिनं पोरीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. "जाते का राह्यते?"

"राह्यते. सहामाहीपर्यंत."

"मंग पुढं?"

जगदेवनं लॅपटॉप खाली ठेवला आणि मोटरसायकलचं काहीतरी पाहायला अंगणात गेला. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. पंचफुला आत गेली. कपाटामागं एक पिशवी होती. ती तिनं कधी भरली, कोणाला माहीत नव्हतं. तिनं एकेक कपडा बाहेर काढून पुन्हा फळीवर लावला. शाळेचे दोन ड्रेस, घरचे तीन, टॉवेल, तेलाची बाटली. सहामाही दिवाळीच्या आधी असते. थंडी नंतर पडते. स्वेटर तिनं हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि घडी करून पिशवीतच राहू दिला.